डोहाळे कुणाचे?

डिसेंबरातली गोष्ट. जामनेरहून ताईचा फोन आला. भाचीला सातवा लागत होता आणि डोहाळजेवण माहेरीच करायचं ठरलं होतं. ताईचा आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर.

"तू पुण्याला असते, तुला माहिती राहतं काय काय नवीन चाललंय ते. काहीतरी वेगळं सुचव. आयुष्यभर लक्षात राहिलं पाहिजे असं."

मलाही अशी कामं आवडतात, खोटं कशाला बोलू? लगेच कामाला लागले. चार मैत्रिणींना फोन केले, फोटो मागवले. दोन दिवसांत मोबाईल भरून गेला. चंद्रकोरीतलं डोहाळजेवण, नावेतलं, बागेतलं, मोराच्या पिसाऱ्यातलं. गुलाबी आणि निळ्या फुग्यांची कमान. 'मॉम टू बी' लिहिलेला पट्टा. ताईने तिकडे जामनेरातला एक डेकोरेशनवाला गाठला होता. त्याच्याकडे पॅकेज होतं. झोपाळा, पडदे, दिव्यांची अक्षरं, फुलांची वाडी, फोटो आणि व्हिडिओ, सगळं मिळून. वर ड्रोन हवा असेल तर वेगळे पैसे. सात महिन्यांच्या पोटुशीभोवती ड्रोन कशाला फिरवायचा हे काही मला कळलं नाही, पण असो.

नाताळच्या सुट्टीत मी जामनेरला गेले. रात्री जेवणं झाल्यावर ताई आणि मी ते फोटो पसरून बसलो. चंद्रकोर की झोपाळा, यावर अर्धा तास गेला. आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. तिला विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "मले काय इचारते? तिले इचार. लेकरू तिच्या पोटात हाये."

खरं सांगते, तोपर्यंत आम्ही दोघींनी भाचीला एकदाही विचारलं नव्हतं. साडीचा रंग ठरला होता, पाहुण्यांची यादी दीडशेवर गेली होती, आचारी सांगून झाला होता. जिच्यासाठी हे चाललं होतं ती आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडली होती.

मला स्वतःचीच जरा लाज वाटली. आणि मग वाटलं, की अरेच्चा, या समारंभाचं नावच तर 'डोहाळ'जेवण आहे!

डोहाळे म्हणजे काय? गर्भार बाईच्या इच्छा. शब्द संस्कृतातल्या 'दोहद'वरून आला. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात बाईच्या देहात दोन हृदयं असतात, तिचं आणि बाळाचं, म्हणून तिला जे हवंसं वाटतं ते नाकारू नये. यातलं शास्त्र आज सगळंच मानायला नको. पण त्यामागचा विचार बघा. एरवी घरातल्या सुनेला कोण विचारत होतं तुला काय खावंसं वाटतं म्हणून? वर्षानुवर्षं सगळ्यांच्या आवडीचं रांधायचं आणि उरेल ते खायचं. आयुष्यातले हे काही महिने असे, की तिने मागायचं आणि घराने आणून द्यायचं. ही सोय ज्यांनी कुणी केली, त्यांना बायकांचं जगणं नक्कीच माहीत असणार.

कालिदासाच्या रघुवंशात तिसऱ्या सर्गात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा गरोदर आहे. ती लाजाळू, नवऱ्याला काही सांगत नाही. तर हा एवढा मोठा राजा तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारत बसतो, हिला काय हवंय गं? मला हा प्रसंग फार आवडतो. काय आणून दिलं त्यापेक्षा तो विचारत राहतो, हे महत्त्वाचं. त्याच सुदक्षिणेला माती खावीशी वाटते. आजच्या डॉक्टरांना असं सांगितलं तर त्या कौतुक करत बसणार नाहीत, आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगतील. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे बऱ्याचदा रक्तातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर गरोदर बायकांमध्ये जवळपास ४६ जणींना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तिला काय हवंय हे विचारणं ही नुसती हौस नाही. कधी कधी तिचं शरीरच बोलत असतं.

आणि दुसरी गोष्ट सीतेची. रामाने तिला डोहाळे विचारले. ती म्हणाली, गंगेकाठचे ऋषींचे आश्रम पाहायचेत. त्याच डोहाळ्याचं निमित्त करून लक्ष्मण तिला रथातून घेऊन गेला आणि वनात सोडून आला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना एवढं काही वाटलं नव्हतं. स्वतः गरोदर असताना आठवली तेव्हा अंगावर काटा आला. विचारायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं, ही पद्धत तशी जुनीच म्हणायची!

तर दुसऱ्या दिवशी मी भाचीजवळ जाऊन बसले. विचारलं. तिचं ठरलेलं उत्तर, "काहीही चालेल मावशी." आपल्या मुलींना हे एक वाक्य आपण फार छान शिकवलंय. मी म्हटलं, काहीही नाही चालणार, नीट सांग. तरी ती हसून टाळत राहिली. संध्याकाळी मात्र आपणहून आली आणि बोटं मोजत सांगायला लागली.

एक, दीडशे माणसं नकोत. मे महिन्यात तिच्या जावेचं डोहाळजेवण कार्यालयात झालं होतं. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते जळगाव-भुसावळकडच्यांना सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्यात भरजरी साडी, अंगभर फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण. तीन तास बसवून ठेवलं. एकेक बाई येणार, ओटी भरणार, फोटो काढणार. मधे उठून बाथरूमला जायचं म्हटलं तर ते सगळं सोडवा, पुन्हा बांधा. शेवटी ती बिचारी पाणीच प्यायली नाही. समोर चांदीचं ताट, पाच पक्वान्नं, आणि फोटोपुरता एक घास.

दोन, जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी. शेतावर, लिंबाखाली बसून. जानेवारी म्हणजे भरिताचे दिवस. आमच्याकडची ती मोठी, हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी मुसळीने ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची फोडणी. तो वास गेले दोन महिने तिच्या डोक्यातून जात नव्हता म्हणे. आणि आम्ही आचाऱ्याला पनीर सांगून बसलो होतो!

तीन, पीजेत बसायचंय.

यावर आम्ही दोघी गप्प झालो. पीजे म्हणजे आमची पाचोरा-जामनेर. नॅरोगेजची, छप्पन्न किलोमीटर धावणारी छोटी गाडी. भाची लहानपणी आजोबांबरोबर तिच्यातून पाचोऱ्याला जायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती बंद झाली ती कायमचीच. पुढे तिथे ब्रॉडगेज आणि ती बोदवडपर्यंत न्यायची असं मंजूर झालं. चांगलंच आहे. पण तो डोहाळा पुरवणं आता कुणाच्याच हातात नाही. आईला सांगितलं तर तिला हसू आलं. म्हणाली, ताईच्या वेळी सातव्या महिन्यात बाळंतपणाला ती त्याच गाडीने माहेरी आली होती. आणि मग त्या दोघी, आजी आणि नात, तासभर त्या गाडीबद्दल बोलत बसल्या. मला वाटतं काही डोहाळे ऐकून घेण्यानेही पुरतात थोडेसे.

चार, पेढा-बर्फी नको.

पाच, पहिली ओटी आजीने भरायची.

आता या शेवटच्या दोन गोष्टींवर घरात जे झालं ते सांगायला हवं, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलाय.

पेढा-बर्फी तुम्हाला माहीतच असेल. दोन झाकलेल्या वाट्या ठेवायच्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. होणाऱ्या आईने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या हसतात, चिडवतात. गंमत असते, त्यात काय एवढं? ताईही हेच म्हणाली.

माझ्या डोहाळजेवणात पेढा निघाला होता. टाळ्या पडल्या होत्या. मला मुलगी झाली. दवाखान्यात भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी मला धीर देत सांगितलं, "अगं, पेढा निघाला होता ना, मग पुढच्या वेळी होईल." तीन किलोचं गोड बाळ माझ्या कुशीत झोपलं होतं, आणि मला धीर दिला जात होता! ताईला दोन्ही मुली. धाकटीच्या वेळी बर्फी निघाली तेव्हा मी तिथे होते. कोणी काही वाईट बोललं नाही. फक्त टाळ्या जरा कमी पडल्या. भाची तेव्हा चार वर्षांची होती. तिला ते आठवतंय, हे मला या वेळी कळलं. ताईलाही या वेळीच कळलं.

आणि हे आपण कुठे बसून खेळतो ते पण बघा. २००१च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ला त्या ८४२ झाल्या. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. त्या मोजणीतली पोरं आता मोठी झालीत. लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून गावोगाव जे कपाळाला हात लावून बसलेत, त्यांच्याच घरांतल्या ओटीभरणात आजही पेढ्याला टाळ्या पडतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला होता, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी असते की इथे गर्भलिंगनिदान होत नाही, तो गुन्हा आहे. ती पाटी वाचून आपण घरी येतो आणि वाट्या मांडतो.

वाटीतल्या बर्फीमुळे कोणी मुलगी मारत नाही, हे मलाही कळतं. पण मुलगा हवा ही इच्छा काही आकाशातून पडत नाही. ती अशीच हसतखेळत, गोड खाताखाता अंगात मुरते. परदेशातही आता हा प्रकार आहेच. २००८ साली अमेरिकेत जेना कार्वुनिडिस या ब्लॉग लिहिणाऱ्या बाईने केक कापून पोटातल्या बाळाचं लिंग जाहीर केलं, आणि ती फॅशनच झाली. पुढे २०१९मध्ये तिनेच जाहीरपणे याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. २०२०मध्ये कॅलिफोर्नियात अशाच एका समारंभात उडवलेल्या धुराच्या नळीमुळे जंगलाला आग लागली, त्यात आग विझवणारा एक जवान गेला. ज्यांच्याकडे मुलगा-मुलगी जाणून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, त्यांच्यातल्याही काहींना आता हे नकोसं झालंय. आपण मात्र गुलाबी-निळे फुगे फुगवतोय.

आता आजीची ओटी.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात कुठलंही ओटीभरण असलं की आई स्वयंपाकघरात असते. पापड तळते, वाट्या भरते, कुणाला काय हवं-नको बघते. तिला कोणी जा म्हणत नाही. ती आपणच जाते आणि कोणी तिला थांबही म्हणत नाही. मी पण नाही म्हटलं. नऊ वर्षांत एकदाही नाही. शिकलेली, नोकरी केलेली, असले लेख लिहिणारी मी! बाहेर बसून फोटोत हसत होते.

भाचीने हे मागितलं तेव्हा पहिला विरोध कोणाचा झाला असेल? आईचाच. "नको माय, पहिलटकरीण आहे ती. कायले उगाच?" ताई रडवेली झाली. सासरचे काय म्हणतील, काही कमीजास्त झालं तर आयुष्यभर बोल लागेल. ताईला मी नावं ठेवणार नाही. ही भीती खरी असते. आपल्या लेकराच्या बाबतीत कोण धोका पत्करेल? पण भाची एवढंच म्हणाली, "जिने मला न्हाऊ-माखू घातलं, तिचा हात लागून माझं वाईट होईल?"

याला उत्तर नव्हतं. खरं तर कधीच नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

भाचीची एक मैत्रीण आहे, लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. तिने डोहाळजेवणांना जाणंच सोडलं होतं. तिलाही भाचीने स्वतः फोन केला. ती म्हणाली, येते, पण ओटी भरणार नाही. भाची म्हणाली, भरू नकोस, भाकरी खायला ये. ती आली.

तर जानेवारीतल्या एका रविवारी आमचं डोहाळजेवण झालं. शेतावर, लिंबाखाली, तीसेक माणसं. हिरवी साडी होती, पण सुती. फुलांची वाडीही होती, ताईची हौस होती म्हणून. ती मोडायची नव्हतीच मला. फुलं सुंदरच दिसतात, आणि फुलवाल्या बाईचंही पोट त्यावर आहे. फक्त अर्ध्या तासाने ती काढून ठेवली. भाचीला आधी जेवायला वाढलं. तिने अडीच भाकऱ्या खाल्ल्या आणि सगळ्या बायका कौतुकाने बघत राहिल्या.

पहिली ओटी आईने भरली. तिचे हात थरथरत होते, गहू थोडे सांडले. कोणी काही बोललं नाही. दोन बायका जरा बाजूला जाऊन बसल्या हे मी पाहिलं. आईनेही पाहिलं असणार. त्यातली एक जेवून गेली, एक न जेवता गेली. सगळं गोड गोड झालं असं मी सांगणार नाही.

आणि एवढं करून विहीणबाईंनी पिशवीतून दोन वाट्या काढल्याच! त्यांना बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. प्रेमाने, घरून झाकून आणलेल्या. आता काय करायचं? ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. भाचीने दोन्ही वाट्या उघडल्या. पेढ्याचा आणि बर्फीचा असा एकच मोठा घास केला आणि खाऊन टाकला. म्हणाली, "आई, मस्त झालंय." विहीणबाई आधी गोंधळल्या, मग हसल्या. हसू पूर्ण मनापासून नव्हतं, पण हसल्या.

भेटवस्तू नकोत असं सांगितलं होतं. त्याऐवजी प्रत्येकीने आपलं एक वापरून मऊ झालेलं सुती लुगडं किंवा साडी आणायची. त्याची आता गोधडी आणि दुपटी शिवणं चाललंय. आईच्या लुगड्याचा तुकडा मधोमध. त्या मैत्रिणीने पण साडी आणली होती, फिकट पिवळी, कडेला लावायला ती छान दिसतेय.

तर मला काय म्हणायचंय, डोहाळजेवण लक्षात राहण्यासारखं करायचं असेल तर पॅकेज बघण्याआधी तिच्याजवळ बसा. ती पहिल्यांदा 'काहीही चालेल' म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. दिलीप राजासारखं पुन्हा विचारा. आणि विचारलंच आहे तर मग तिचं उत्तर गैरसोयीचं असलं तरी ऐका. कदाचित तिला चंद्रकोर आणि ड्रोनच हवा असेल. मग तेही करा! माझं भांडण चंद्रकोरीशी नाहीये. ती कोणी मागितली होती, एवढंच माझं विचारणं आहे. कदाचित ती म्हणेल, मला फक्त दोन दिवस झोपू द्या. तेही डोहाळेच की.

आणि घरात कोणी स्वयंपाकघराच्या दारात पापड तळत उभी असेल, तर तिला बाहेर बोलवायला नातीची वाट बघू नका. मी बघितली. नऊ वर्षं.

असो. भाचीचे दिवस भरत आलेत. काल फोनवर ताई विचारत होती, दवाखान्यात वाटायला काय आणायचं, पेढे की बर्फी? मग स्वतःच म्हणाली, "दोन्ही आणते. कुणाला काय आवडेल ते घेतील."